परतीची वाट आधी सभागृहात आखा

१९ डिसेंबर, म्हणजे गोव्याचा मुक्तिदिन, जवळ आला की गोव्यात एक जुना वाद नव्याने रंगतो. शेवटचा पोर्तुगीज गव्हर्नर जनरल व्हासालो-ए-सिल्व्हा १९६१ मध्ये भारतीय सैन्यापुढे दीड दिवसात शरण आला, तो भित्रा होता की शहाणा? अमेरिकेने अफगाणिस्तान सोडले त्या २०२१ पासून या वादाला काबूलची जोड मिळाली आहे. विमानाला लटकलेली माणसे दाखवून सांगितले जाते, सैन्य मागे घेतले की असे होते, म्हणून एकदा पाय रोवले की रोवले. समोरून उत्तर येते, परक्या मुलखात सैन्य नेणेच पाप, उद्याच्या उद्या परत बोलवा. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात आणि मधला सगळा भाग राहून जातो. निघायचे कसे, कोणत्या क्रमाने, कोणाला बरोबर घेऊन, मागे काय ठेवून, आणि हे ठरवायचे कोणी?

माझे म्हणणे असे. परदेशात लढायला सैन्य धाडण्याचा निर्णय ज्या दिवशी होतो, त्याच दिवशी ते परत कसे आणणार याचा लेखी आराखडा कायदेमंडळापुढे आला पाहिजे. युद्ध आधीच सुरू असेल आणि आराखडा नसेल, तर पुढचा पैसा मंजूर करण्यापूर्वी तो मागून घेतला पाहिजे. हे काम लोकप्रतिनिधींचे आहे. ते सेनापतीवर ढकलता येत नाही आणि पंतप्रधानांच्या मर्जीवर सोडता येत नाही.

गोमंतकीय वाचकाला दाखला शोधायला लांब जावे लागत नाही. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या हाती जवळजवळ बारा वर्षे होती. २७ फेब्रुवारी १९५० रोजी भारताने लिस्बनला वाटाघाटींचा प्रस्ताव दिला. पोर्तुगालने १९५१ मध्ये राज्यघटनाच बदलली आणि वसाहतींना सागरापारचे प्रांत ठरवून टाकले. मुलूख घटनेनेच आपला ठरला की तिथून निघण्याचा विचार मांडणे हा देशद्रोह होतो. मग तो मांडणार कोण? १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधली वकिलात बंद केली, १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली हातची गेली, १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. यातल्या प्रत्येक टप्प्यावर सन्मानाने निघण्याची बोलणी करता आली असती. पुढे १९६० मध्ये लिस्बनने गोव्यातली फौज कमी करायचे ठरवले आणि ती साडेतीन हजारांच्या आसपास आणली, कारण आफ्रिकेत माणसे हवी होती. भारताने मनावर घेतले तर गोवा लष्करी बळावर राखता येणार नाही, हे लष्करी खात्याला उमगले होते. ते उमगल्यावर उद्दिष्ट बदलायला हवे होते. फौज तेवढी घटली, हुकूम होता तोच राहिला.

१४ डिसेंबर १९६१ चा सालाझारचा संदेश प्रसिद्ध आहे: शरणागती नाही, सैनिक आणि खलाशी एक तर विजयी होतील किंवा मरतील. निदान आठ दिवस तग धरा, तेवढ्यात जगाचे लक्ष वेधता येईल, असाही हिशेब होता. कागदावरची योजना अशी, की सीमेवरच्या तुकड्यांनी पूल उडवत मागे सरकायचे आणि शेवटी मुरगावच्या बाजूला एकवटायचे. बाणस्तारीचा पूल त्यांनी उडवलाही. पण मुरगावात पोचल्यावर पुढे काय? बंदरात सैन्य उचलायला जहाजे नव्हती. ‘आफोंसो द आल्बुकर्क’ ही एकच जुनी युद्धनौका होती, ती १८ तारखेला भारतीय नौदलाशी लढताना जबर मार खाऊन किनाऱ्याला लागली. दाबोळीच्या धावपट्टीवर त्याच दिवशी बॉम्ब पडले. मागे सरकण्याच्या हालचाली बारकाईने आखलेल्या, आणि शेवटच्या टप्प्याच्या जागी कोरा कागद. असला आराखडा म्हणजे सैनिकांना समुद्राच्या तोंडाशी नेऊन सोडणे.

माघारीचे एकच काम त्या दिवसांत नीट पार पडले, आणि तेही हुकूम मोडून. ‘इंडिया’ नावाचे प्रवासी जहाज तिमोरहून लिस्बनला जाताना मुरगावला लागले होते. कोणालाही चढवू नका, असे लिस्बनचे सांगणे होते. गव्हर्नर जनरलने ते मानले नाही. ३८० प्रवाशांच्या त्या जहाजावर सुमारे ७०० युरोपीय स्त्री-पुरुष-मुले दाटीवाटीने चढली आणि १२ डिसेंबरला जहाज निघाले. बाकी तीन हजारांहून अधिक सैनिक फोंडा, वास्को इथल्या छावण्यांत युद्धकैदी म्हणून मे १९६२ पर्यंत राहिले. व्हासालो-ए-सिल्व्हाला १९६३ मध्ये लष्करातून बडतर्फ केले गेले आणि १९७४ च्या क्रांतीनंतरच त्याचा हुद्दा परत मिळाला. भित्रा की शहाणा, हा प्रश्न म्हणूनच चुकीच्या माणसाला विचारला जातो. विचारायचा तर लिस्बनच्या राष्ट्रीय सभेला विचारावा. तिथे १९५० ते १९६१ या काळात एकाही सदस्याने उभे राहून परतीची योजना मागितली नाही, कारण विरोधी आवाज निवडूनच येऊ शकत नव्हता. जिथे प्रश्न विचारणारे सभागृह नसते, तिथे माघारीची योजनाही नसते.

याच मुक्या सभागृहाने पोर्तुगालला आफ्रिकेत आणखी तेरा वर्षे अडकवले. अंगोलात १९६१ पासून, गिनीत १९६३ पासून, मोझांबिकमध्ये १९६४ पासून लढाई चालली, आणि २५ एप्रिल १९७४ रोजी शेवटी लष्करानेच सरकार उलथवले. त्यानंतरच्या दोन माघारी शेजारी ठेवून पाहाव्यात. मोझांबिकमध्ये बोलायला समोर एकच संघटना होती, फ्रेलिमो. तिच्या नेतृत्वाच्या विश्वासू सल्लागारांपैकी एक होते बार्देशात जन्मलेले आक्विनो द ब्रागांसा. ७ सप्टेंबर १९७४ रोजी लुसाकात करार झाला, नऊ महिन्यांचे संयुक्त हंगामी सरकार नेमले गेले, २५ जून १९७५ ही तारीख ठरली आणि पाळली गेली. अंगोलात एकमेकींच्या जिवावर उठलेल्या तीन संघटना होत्या. जानेवारी १९७५ मध्ये आल्व्होरला त्यांच्याशी करार झाला, पण तिघींनी शस्त्रे उचलली तर हंगामी सरकार टिकवणार कोण, याची तजवीज नव्हती. नोव्हेंबरात शेवटच्या पोर्तुगीज उच्चायुक्ताने सत्ता कोणाच्याच हाती न देता, अंगोलाच्या जनतेला स्वातंत्र्य असे जाहीर करून लुआंडा सोडले. तिथले यादवी युद्ध २००२ पर्यंत चालले. आफ्रिकेतून सुमारे पाच लाख माणसे होते नव्हते ते सोडून पोर्तुगालला गेली, त्यांत गोमंतकीय घराणीही होती. मोझांबिकलाही १९७७ नंतर यादवी चुकली नाही, हे मान्य. चांगली माघार मागे शांतता राहील याची हमी देत नाही. पण वाईट माघार काय देते, ते लुआंडात दिसले.

आता विरोधी बाजूचा सगळ्यांत जोरकस मुद्दा. तारीख जाहीर केली की शत्रू दबा धरून बसतो, आपले मित्र घाबरून बाजू बदलतात, आणि निघणाऱ्या फौजेच्या पाठीवर घाव पडतो. हा मुद्दा खरा आहे. पण दुसरी बाजूही पाहा. परकी फौज कधीतरी जाणार, हे शत्रूला पहिल्या दिवसापासून ठाऊकच असते, कारण तो तिथला रहिवासी असतो. तारीख न सांगितल्याने त्याचा धीर सुटत नाही. अफगाणिस्तानातून सोव्हिएत फौजेची माघार तर तारीख जाहीर करून झाली. १४ एप्रिल १९८८ रोजी जिनिव्हात करार झाला. १५ मेपासून निघायचे, १५ ऑगस्टपर्यंत निम्मे सैन्य बाहेर, १५ फेब्रुवारी १९८९ ला शेवटचा माणूस. त्याच दिवशी जनरल ग्रोमोव्ह आमू दर्यावरचा पूल ओलांडून गेले. निर्दोष म्हणावी अशी ती माघार नव्हती. सालांगच्या वाटेवर हल्ले झाले आणि शेवटच्या आठवड्यांत तिथल्या गावांवर सोव्हिएत तोफा-विमानांनी केलेल्या माऱ्यात निरपराध माणसे मेली. तरीही मागे ठेवलेले नजीबुल्ला सरकार एप्रिल १९९२ पर्यंत टिकले. इंधन, धान्य, दारूगोळा आणि पैसा येत राहिला तोवर ते उभे होते. सोव्हिएत संघ कोसळला, रसद बंद झाली आणि काही महिन्यांत ते पडले. माघारीनंतरची मदत हे माघारीचेच एक कलम असते, आणि त्याचा पैसा सभागृहच मंजूर करते.

अमेरिकेने याच्या उलट केले. तालिबानशी केलेल्या २९ फेब्रुवारी २०२० च्या दोहा कराराने सैनिकांबरोबर खासगी कंत्राटदारांनाही १४ महिन्यांत बाहेर काढायचे मान्य केले. वरवर ते किरकोळ वाटते. पण अफगाण वायुदलाची अमेरिकी हेलिकॉप्टरे आणि मालवाहू विमाने हेच कंत्राटदार दुरुस्त करत होते. आधी या वायुदलाकडे रशियन बनावटीची एमआय-१७ हेलिकॉप्टरे होती, ती अफगाण कारागिरांच्या हातची होती. ती टप्प्याटप्प्याने बाजूला सारून अमेरिकी ब्लॅक हॉक दिली गेली, आणि ती सांभाळायला परका कारागीर लागे. तो गेला की सुटे भाग नाहीत, सुटे भाग नाहीत की उड्डाण नाही, उड्डाण नाही की डोंगरातल्या एकाकी ठाण्यांना दारूगोळा नाही आणि जखमींना सुटका नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ठाणी शरण जात गेली त्यामागे ही साखळी होती. अमेरिकी संसदेने कायद्याने उभारलेल्या विशेष महानिरीक्षक कार्यालयाने याची सूचना आधीच दिली होती. बग्राम तळ जुलैच्या आरंभी रात्रीतून रिकामा केला गेला, त्यामुळे सुटकेसाठी काबूलचा एकच विमानतळ उरला, तोही शहराच्या वस्तीला लागून. दुभाष्यांच्या विशेष व्हिसाची योजना २००९ पासून होती, अर्ज नऊ महिन्यांत निकाली काढावा असे कायदाच सांगत होता, तरी हजारो अर्ज वर्षानुवर्षे पडून राहिले. मग ऑगस्टच्या शेवटच्या पंधरवड्यात सव्वा लाखाच्या आसपास माणसे विमानांनी काढावी लागली आणि २६ तारखेच्या स्फोटात १३ अमेरिकी सैनिक व दीडशेहून अधिक अफगाण मेले. यातले काय निघण्याच्या निर्णयाने झाले आणि काय तयारी न केल्याने? वीस वर्षे त्या संसदेने दरसाल पैसा दिला. सप्टेंबर २००१ मध्ये बळाच्या वापराचा जो ठराव प्रतिनिधिगृहाने ४२० विरुद्ध १ मताने केला, त्यात मुदत नव्हती, भूगोल नव्हता, परतीचा शब्द नव्हता.

आपल्या घरचा अनुभव यापेक्षा जिव्हारी लागणारा आहे. २९ जुलै १९८७ च्या भारत-श्रीलंका करारात शस्त्रसंधीला ४८ तास आणि शस्त्रे खाली ठेवायला ७२ तास अशी तासांची मोजदाद होती. श्रीलंकेत गेलेली भारतीय शांतिसेना परत कधी येणार, याला मात्र तारीख नव्हती. ऑक्टोबरात तीच सेना तमिळ वाघांशी, म्हणजे एलटीटीई या बंडखोर संघटनेशी, लढू लागली, पुढे चार डिव्हिजन तिथे गुंतल्या आणि अकराशेहून अधिक जवान मेले. १९८९ च्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांनी २९ जुलैपर्यंत निघून जा, असे जाहीरपणे बजावले, तेव्हा दिल्लीची पहिल्यांदा धावपळ झाली. आपण गेल्यावर वरदराज पेरुमाळ यांच्या प्रांतिक सरकारला वाघांपासून वाचवायचे कसे? उत्तर म्हणून तमिळ राष्ट्रीय सेना घाईघाईत उभी केली गेली. त्यासाठी पोरे घराघरांतून ओढून आणली, जुजबी शिक्षण दिले आणि हाती बंदुका दिल्या. शांतिसेना एकेका जिल्ह्यातून हलली तशी वाघांनी ती पोरे कापून काढली. शेवटची तुकडी २४ मार्च १९९० रोजी त्रिंकोमालीहून निघाली, पेरुमाळ भारतात आश्रयाला आले, जूनमध्ये त्यांच्या पक्षाचे सरचिटणीस पद्मनाभ यांचा चेन्नईत खून झाला आणि त्याच महिन्यात लंकेत युद्ध पुन्हा पेटले. मित्रांना वाऱ्यावर सोडू नका, असे जे म्हणतात त्यांचे मन मला कळते, आणि त्यांचा आक्षेप मी सगळ्यांत वजनदार मानतो. पण आणखी एक वर्ष राहिल्याने ती पोरे वाचली असती का? यजमान असलेले श्रीलंकेचे सरकारच वाघांना हत्यारे पुरवत होते. त्यांना वाचवू शकली असती ती १९८७ च्या ऑगस्टमध्ये केलेली तजवीज. निवडणूक लढवणाऱ्या, माहिती देणाऱ्या, बाजू घेणाऱ्या माणसांची यादी, त्यांच्या कुटुंबांना आश्रयाची हमी, आणि त्या हमीला संसदेची मान्यता. करार सभागृहात कलमवार तपासला गेला असता, तर तासांच्या त्या मुदतींशेजारची मोकळी जागा कोणाच्या तरी नजरेत भरली असती.

तिसरा आक्षेप मनाला भिडणारा आहे. आता माघार घेतली तर गेलेल्यांचे बलिदान व्यर्थ जाईल. ज्या घरातला मुलगा परत आला नाही, त्या घराशी यावर वाद घालू नये. पण सभागृहात बसणाऱ्याने हा युक्तिवाद पुढच्या मुलाच्या बाबतीत तपासायलाच हवा, कारण त्याला शेवट नाही. दर मृत्यूने राहण्याचे कारण वाढते आणि राहण्याने मृत्यू वाढतात. औरंगजेब १६८१ मध्ये दक्षिणेत उतरला. रायगड घेतला, विजापूर आणि गोवळकोंडा बुडवले, आणि तरी परतण्याजोगा विजय त्याला कधी गवसला नाही. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ भिंगारला तो वारला तोवर दक्षिणेच्या खर्चाने साम्राज्य पोखरले गेले होते. मराठ्यांनीही तीच चूक उत्तरेत केली. पानिपतावर भाऊसाहेबांच्या छावणीत लढणाऱ्यांबरोबर बायका-मुले आणि यात्रेकरू होते, दिल्लीची वाट अब्दालीने अडवलेली, दाणावैरण संपलेली. १४ जानेवारी १७६१ ला उपासमारीने बाहेर पडावे लागले तेव्हा इब्राहिमखान गारद्याने सुचवलेली चौकोनी व्यूहाची चाल हीच परतीची योजना होती. दोन महिने आधी, अंगात बळ आणि जनावरांना वैरण असताना ती करता आली असती.

माघार म्हणजे कत्तल, असे लष्करी अधिकारीच म्हणतात तेव्हा आमदार-खासदारांनी त्यात नाक का खुपसावे, असे विचारले जाते. गॅलिपोलीचा दाखला यावर बोलका आहे. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानच्या या किनाऱ्यावर ब्रिटिश फौजा अडकल्या होत्या. ऑक्टोबर १९१५ मध्ये तिथला सेनापती हॅमिल्टन याने कळवले, माघार घेतली तर निम्मी माणसे गमवावी लागतील. सरकारने त्याला बदलले. नवा सेनापती मन्रो याने प्रत्यक्ष पाहणी करून निघण्याची शिफारस केली, मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, आणि डिसेंबरात, २० तारखेच्या पहाटेपर्यंत, सुव्हला आणि अँझॅक या किनाऱ्यांवरून ऐंशी हजारांवर माणसे जवळजवळ एकही न गमावता बाहेर पडली. त्यांत शीख आणि गुरखा पलटणींचे जवानही होते. कसे साधले? आधी कित्येक दिवस तुर्कांना शांततेची सवय लावली. दर रात्री थोडी थोडी माणसे काढली, दिवसा मात्र चुली तेवढ्याच पेटत्या ठेवल्या. पायांना गोणपाट बांधले. शेवटच्या खंदकांत बंदुकांना दोन डबे लावले. वरच्या डब्यातले पाणी ठिबकत खालच्यात साठे, त्याच्या वजनाने चाप ओढला जाई, आणि माणूस बोटीत बसल्यावरही बंदूक बार काढत राही. सैनिकाला निघायची राजकीय परवानगी मिळाली की तो निघण्याची कला शोधून काढतो. परवानगी मात्र तो स्वतः मागू शकत नाही. त्याचे शिक्षण आणि त्याची शपथ दोन्ही आड येतात.

खासदारांनी मागायचा कागद लष्करी डावपेचांचा नसतो. त्यात कोणते उद्दिष्ट पुरे झाले की निघायचे हे एका वाक्यात असावे, आणि ते पुरे झाले नाही तर कोणत्या तारखेला पुन्हा मतदान घ्यायचे तेही. बाहेर पडण्याचे निदान दोन मार्ग हवेत, बंदर आणि विमानतळ, आणि दोन्ही शेवटपर्यंत आपल्या ताब्यात. निघण्याचा क्रम लिहिलेला हवा: आधी कुटुंबे, रुग्णालय, कार्यालये आणि जड साठा, मग आपल्यासाठी काम केलेले स्थानिक लोक, मग मुख्य फौज, सर्वांत शेवटी पिछाडीच्या तुकड्या आणि सुरुंगवाले. सामानाची तीन खाती करावीत, परत न्यायचे, यजमानांना द्यायचे, नष्ट करायचे. यजमानांना द्यायच्या प्रत्येक यंत्राशेजारी ते कोण दुरुस्त करणार याचे नाव असावे. आपण पेरलेल्या सुरुंगांचे नकाशे कोणाला सोपवणार, कैद्यांची अदलाबदल कधी, मागे राहणाऱ्या सरकारला मदत किती वर्षे आणि किती, हेही. स्थानिक दुभाषे, वाटाडे, कारकून यांची यादी पहिल्या दिवसापासून ठेवावी आणि दर सहा महिन्यांनी तपासावी, कारण ऐन वेळी यादी करायला बसले की लाचखोर आत शिरतात आणि खरे मदतनीस फाटकाबाहेर राहतात. यातला गुप्त राखायचा भाग संरक्षणविषयक स्थायी समितीच्या बंद बैठकीत ठेवता येतो.

गोव्यात कोणी म्हणेल, आपल्याला मुक्ती सैन्यानेच दिली, आपण माघारीची भाषा का बोलावी? गोवा भारताचाच भाग होता, ती परक्या भूमीवरची मोहीम नव्हती. आणि तिथेही पुढचे पाऊल विचारात होते. मेजर जनरल कॅन्डेथ यांचा लष्करी कारभार जून १९६२ मध्ये संपून नागरी उपराज्यपाल आले, बाराव्या घटनादुरुस्तीने प्रदेशाला घटनेत जागा मिळाली आणि डिसेंबर १९६३ मध्ये निवडणूक होऊन भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार आले. फौज वेळेत बाजूला झाली म्हणूनच सचिवालय गोमंतकीयांच्या हाती आले.

परदेशात सैन्य धाडण्यापूर्वी संसदेची संमती सक्तीची करणारा कायदा आपल्याकडे नाही. २००३ मध्ये इराकसाठी अमेरिकेने भारताकडे सैन्य मागितले. दोन्ही सभागृहांनी एप्रिलमध्ये त्या युद्धाविरुद्ध ठराव केला होता आणि जुलैमध्ये सरकारने नकार दिला. तेव्हा निभावले, पण ते त्या वेळच्या सरकारच्या विवेकाने. पुढची मागणी येईल तेव्हा तसेच होईल याची शाश्वती कोण देणार? जर्मनीने २००५ मध्ये कायदा केला. तिथे प्रत्येक सशस्त्र परदेशी मोहिमेला संसदेची मान्यता लागते, ठरावात सैनिकांची कमाल संख्या, खर्च आणि मुदत लिहावी लागते, मुदत बहुधा वर्षाची असते आणि संसद सैन्य परत बोलावू शकते. आपल्या घटनेचा अनुच्छेद ५३ सांगतो, की सरसेनापतित्व राष्ट्रपतींकडे असले तरी त्याचा वापर कायद्याने नियमित होईल. संघसूचीच्या पहिल्याच नोंदीत युद्धाच्या चालवणुकीबरोबर युद्ध संपल्यावरचे सैन्यविसर्जनही संसदेच्या अखत्यारीत दिले आहे. म्हणजे अधिकार आहे, वापरलेला नाही.

गोव्याचे लोकसभेत दोन आणि राज्यसभेत एक असे तीनच सदस्य आहेत. खासगी विधेयक मांडायला एकच पुरतो. विधेयकात चार गोष्टी असल्या तरी सुरुवातीला चालेल: मोहिमेला जास्तीत जास्त बारा महिन्यांची मुदत, तिच्या अखेरीस पुन्हा मतदान, मागणीबरोबर परतीचा आराखडा, आणि आपल्यासाठी काम करणाऱ्या स्थानिक माणसांना आश्रयाचा कायदेशीर हक्क. तातडीच्या सुटकेच्या मोहिमांना यातून सूट हवी, नाहीतर आखातात अडकलेल्या आपल्याच माणसांना आणायला परवानगीची वाट पाहावी लागेल. ती सूट साठ दिवसांपुरती असावी. खासगी विधेयके सहसा मंजूर होत नाहीत, हे खरे. पण त्यावर चर्चा झाली तर मंत्र्याला उत्तर द्यावे लागते आणि ते उत्तर कामकाजाच्या नोंदीत राहते. आपल्या तिन्ही सदस्यांनी पुढच्या अधिवेशनापूर्वी, आपण हे विधेयक मांडणार की नाही आणि नसेल तर का, हे गोव्याला जाहीरपणे सांगावे.